लाल टोकाजवळची रेघ

दिल्लीकडचा ऑक्टोबर आधी नाकाला कळतो. दसरा उलटला की आमच्या सोसायटीच्या कुंपणालगतची सप्तपर्णीची झाडं हिरवट-पांढऱ्या फुलांनी एकाएकी भरून जातात आणि दिवेलागणीला त्यांचा तो दाट, गोड, थोडासा डोक्यात चढणारा गंध बाराव्या मजल्यावरच्या आमच्या बाल्कनीपर्यंत येऊन पोहोचतो. कुणाला तो आवडतो, कुणाचं डोकं उठतं. मी पहिल्या गटातली. पण त्या गंधाच्या पाठोपाठ काही दिवसांतच दुसरा वास येतो, जळक्या काडाचा, कोंडलेल्या धुराचा, आणि हे दोन वास ज्या संध्याकाळी एकमेकांत मिसळतात त्या संध्याकाळी गाझियाबादमधल्या खिडक्या कुणी न सांगता बंद व्हायला लागतात. त्या पुन्हा मोकळेपणाने उघडायला संक्रांत उलटावी लागते.

मागच्या वर्षी त्या संध्याकाळी आमच्या बाल्कनीचं दार मात्र सताड उघडं होतं. रेलिंगला टेकून, अंगावर शाल आणि तोंडावर मास्क अशा थाटात, माझी सत्तरी ओलांडलेली आई ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्याला डोळा लावून उभी होती. मी आतून ओरडत होते आणि ती ऐकत नव्हती. यात तसं नवीन काहीच नव्हतं.

आईने आयुष्यभर पुण्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. तारेच्या टोकावर चिमूटभर क्षार घेऊन बर्नरच्या ज्योतीत धरायचा आणि ज्योतीचा रंग पाहून आत काय दडलंय ते ओळखायचं, हा तिचा सगळ्यात आवडता तास. मिठाने ज्योत पिवळीधमक होते, तांब्याने हिरवी, पोटॅशियमने जेमतेम दिसेल अशी जांभळी. लहानपणी सुट्टीत मी तिच्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून हे रंग पाहिलेले आहेत, आणि आजही गॅसवर दूध उतू गेलं की पिवळ्या झालेल्या ज्योतीकडे बघत आई आधी 'सोडियम' म्हणते आणि मग गॅस बंद करते. निवृत्तीनंतर तिच्या बरोबरीच्या बायका भजनाला, सहलींना, नातवंडांच्या मागे लागल्या. आईने तारे धरले. ज्योत जवळची असो की आकाशातली, तिच्या मते काम एकच होतं, उजेडाला बोलतं करायचं.

त्यासाठी तिने एक जुना कॅमेरा मिळवला, त्याच्या आतली गडद लाल उजेड अडवणारी काच काढून घेतली आणि भिंगापुढे एक चकतीएवढी, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतक्या बारीक रेषा कोरलेली काच बसवली. त्या काचेतून तारा दोन रूपांत उमटतो. एक त्याचा नेहमीचा ठिपका, आणि त्या ठिपक्यापासून जरा दूर, जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत पसरलेला रंगांचा एक धागा. कॅमेरा स्थिर ठेवून थोडा वेळ झाकण उघडं ठेवलं की पृथ्वीच्या फिरण्याने तारा हळूच सरकतो आणि धाग्याची अरुंदशी पट्टी होते. या पट्टीत ताऱ्याची सगळी हकीकत लिहिलेली असते असं आई म्हणते. मला पहिल्यांदा ती पाहिल्यावर रुमालाची उसवलेली किनार दिसली होती, हेही सांगून टाकते.

हकीकत वाचायची तर ती पट्टी संगणकावर नीट करावी लागते, आणि इथे माझा संबंध आला. मी पोटासाठी फोटो साफ करते. गुरुग्रामच्या एका कंपनीसाठी घरबसल्या कुर्ते, साड्या, ओढण्या आणि त्या घालून उभ्या राहिलेल्या मुली यांच्या चित्रांवरून मी दिवसभर हात फिरवते. चुण्या काढते, तीळ पुसते, डोळ्यांखालची रात्र उजळते, पाठीमागच्या भिंतीवरचा ओरखडा असा नाहीसा करते की तो कधी नव्हताच. हे करता करता हाताला अशी सवय लागली आहे की लग्नाच्या जेवणात शेजारच्या बाईच्या पदरावर हळदीचा डाग दिसला तरी माझी बोटं वळवळतात. आईच्या पट्टीसाठी लागणारी हत्यारं हीच होती. चित्र फिरवून पट्टी आडवी करायची, बाकीचं कापून टाकायचं, मग ती अरुंद पट्टी वरखाली ताणून हातभर उंच करायची, रंग काढून करडी करायची आणि काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवत न्यायचा. हळूहळू तिच्यात उभ्या काळ्या रेषा दिसायला लागतात. अभिजित ताऱ्याच्या पट्टीत त्या फार सुरेख दिसतात, तांबड्याकडे दूर दूर आणि जांभळ्याकडे जाता जाता एकमेकींना बिलगत गेलेल्या. तो हायड्रोजन. त्या रेषा पहिल्यांदा उमटल्या तेव्हा आईने माझ्या खांद्यावर ठेवलेला हात किती तरी वेळ काढला नव्हता.

पण मी हे काम अंगावर घेतलं ते काही हायड्रोजनच्या प्रेमापोटी नव्हे. माझा त्यात एक कावा होता.

बाबा गेल्यानंतर आई पुण्यात एकटी राहायची. एकदा तिला दम्याचा जोराचा झटका आला, शेजाऱ्यांनी तिला दवाखान्यात हलवलं, आणि मला ते कळलं दुसऱ्या दिवशी दुपारी, तेही तिने स्वतः फोन करून, 'विशेष काही नाही' अशी सुरुवात करून सांगितलं तेव्हा. त्या दुपारपासून पुण्याहून फोन वाजला की मी हातातलं टाकून धावायला लागले. मग तिला इकडे आणण्यासाठी मी जे काही केलं त्याला मनधरणी म्हणायचं की दांडगाई, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. शेवटी ती आली, आमच्या पश्चिमेच्या खोलीत तिने आपली पुस्तकं लावली, आणि मी जिंकले. उन्हाळा बरा गेला, पावसाळा त्याहून बरा. मग सप्तपर्णी फुलली आणि आईच्या छातीत रात्रीची बारीक घरघर सुरू झाली.

डॉक्टर सज्जन होते. त्यांनी छाती तपासली, पंपाचा डोस वाढवला आणि आईकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "माताजी को दो-तीन महीने के लिए कहीं बाहर भेज दीजिए। दिवाली से पहले।" घरी आल्यावर माझा नवरा नितीन, ज्याचा ऑफिसातल्या प्रत्येक प्रश्नावर काहीतरी मागवून तोडगा निघतो, म्हणाला, "आई, तुम्ही बिल्कुल टेन्शन घेऊ नका. अजून एक प्युरिफायर ऑर्डर करतो. तुमच्या रूममध्ये दोन-दोन!" आई हसली आणि तिने चहा टाकला. मी मात्र मनाशी पक्कं केलं होतं की तिला जाऊ द्यायचं नाही. इथली हवा वाईट होती, कबूल; पण तिथे तिच्या खोलीबाहेर रात्री कान लावून बसायला कुणी नव्हतं. एकदा गेली तर ती पुन्हा यायची नाही, हट्टाने तिथेच राहील, आणि पुढच्या वेळी 'विशेष काही नाही' म्हणायला फोनवर कोण असेल, हा विचार माझी पाठ सोडत नव्हता.

तेव्हा माझा कावा असा होता की तिच्या ताऱ्यांचं काम इतकं रंगात आणायचं की तिने जायचं नावच काढू नये. संध्याकाळचे फोटो हाती आले की मी माझे कुर्ते बाजूला सारून तिच्या पट्ट्या करायला बसायची. त्या देखण्या व्हाव्यात म्हणून माझ्या भात्यातलं सगळं वापरायची. करड्या रंगातला खरखरीतपणा काढायची, कडा रेखीव करायची, आणि मुख्य म्हणजे डाग पुसायची. कारण पट्टी वरखाली ताणली की भिंगावरच्या धुळीच्या एका कणाचीही उभी रेघ होऊन बसते, आणि इथे धुळीला काय तोटा! अशा उपऱ्या रेषा मी अचूक हेरून मिटवत असे. त्यातली एक फार चिवट होती. अगदी लाल टोकाजवळ, जिथे उजेड संपत आलेला असतो, तिथे ती रोज उगवायची. जाडसर, एका बाजूने धारदार, दुसऱ्या बाजूला विरत गेलेली, हायड्रोजनच्या त्या शिस्तीच्या ओळीत अजिबात न बसणारी. मी रोज काच पुसून घ्यायची आणि रोज संध्याकाळी तिला ब्रशच्या दोन फटकाऱ्यांत नाहीशी करायची. तयार झालेली पट्टी छापून आईच्या हातात द्यायची. आई चष्मा कपाळावर सरकवून, कागद डोळ्यांजवळ धरून बघायची, हायड्रोजनवरून बोट फिरवायची, आणि लाल टोकापाशी येऊन थांबायची. "हं," एवढंच म्हणायची. त्या 'हं'मधली निराशा मला ऐकू येत होती, पण मला वाटलं, पट्टी अजून पुरेशी स्वच्छ झालेली नाही.

एका रविवारी दुपारी ती कधी नव्हे ती माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. पडद्यांतून येणारं ऊन धुरकट, तांबूस होतं. दोन्ही प्युरिफायर घुमत होते. आदल्या संध्याकाळचा फोटो मी उघडला, फिरवला, कापला, ताणला. काळ्या रेषा उमटल्या. मग नेहमीच्या सफाईने मी लाल टोकाकडे गेले आणि ब्रश टेकवला.

"अगं अगं, काय करतेस?"

"काही नाही, धूळ आहे. रोजचीच."

"रोजची?" आई खुर्चीतून अर्धी उठली. "मुग्धा, रोज पुसतेस तू ही?"

ब्रशचा फटकारा रद्द करून मी परत आणलेल्या त्या रेषेकडे ती बघत राहिली. पुष्कळ दिवसांनी स्टेशनावर कुणी ओळखीचं भेटावं तसा तिचा चेहरा झाला होता. मग तिने पडद्यावर, त्या रेषेच्या धारदार कडेवर, नख टेकवलं.

"धूळ नव्हे गं. हवा आहे ही. ऑक्सिजन."

मला काही कळेना. मग तिने शिकवायच्या आवाजात, पण मध्ये मध्ये थांबत, श्वास गोळा करत, सांगितलं. बाकीच्या सगळ्या रेषा ताऱ्यावरच्या आहेत. त्या घेऊन उजेड निघाला आणि पंचवीस वर्षं वाटेत कुठेही न अडखळता चालत राहिला. ही एकच रेघ त्यावर तिथली नाही. अगदी शेवटी, आपल्या डोक्यावर, आपल्या हवेतून उतरताना, हवेतल्या ऑक्सिजनने आपल्या वाट्याचा थोडा उजेड काढून घेतला, त्याची ही खूण. गेले दहा-बारा दिवस ती ही रेघ शोधत होती. ती दिसत नाही म्हणून तिने कॅमेऱ्याला दोष दिला, मग काचेला, आणि शेवटी आपल्या डोळ्यांना. "म्हटलं, आता आपल्याच्याने होत नाही हे," ती म्हणाली, "आणि तू बसली होतीस रोज पुसत."

मला हसू आलं आणि त्याच्या पोटातच रडू आलं. सकाळपासून झोपेपर्यंत मी फोनवर हवेचा आकडा बघत असते. तो तांबडा झाला की जांभळा, जांभळा की तपकिरी, हेच मला माहीत. या हवेत काय काय नको ते आहे याची यादी मला पाठ होती. तिच्यात जे हवं ते अजून आहे, आणि ते रोज आपण होऊन माझ्यासमोर येऊन उभं राहत होतं, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

आईने खुर्चीला पाठ टेकली. प्युरिफायरची घुमघुम चालूच होती, आणि तिच्या खाली, लपवूनही न लपणारी, तिच्या छातीतली शीळ.

"आणि माझी ही घरघर," ती अगदी सहज म्हणाली, "तीही तू अशीच पुसतेस. ती वाढली की टीव्हीचा आवाज मोठा करतेस. मला कळत नाही असं वाटतं का तुला?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. खरं होतं ते. डॉक्टरांनी सांगितलेलं, तिच्या छातीने रोज रात्री सांगितलेलं, सगळं मी डाग समजून मिटवत बसले होते, कारण ते राहू दिलं तर त्याचा अर्थ एकच निघत होता.

"मी जाते पुण्याला," ती म्हणाली. "थंडीपुरती."

"आणि तिकडे रात्री-बेरात्री काही झालं तर?" माझा आवाज लहान मुलीसारखा निघाला आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

आईने विचार केला. तिचा विचार नेहमी कृतीच्या बाजूने जातो. "रोज संध्याकाळी मी तुला फोटो पाठवीन. कच्चा. मी गच्चीवर चढले, कॅमेरा लावला, तुला पाठवला, म्हणजे मी ठीक आहे, असं समजायचं. पट्टी तू करायचीस. मला ती तुझी यंत्रं येत नाहीत."

"आणि ढग असले तर?"

"ढगांचा पाठवीन."

दिवाळीच्या आधी तिला विमानात बसवून आलो. नितीनने तिच्यासाठी चाकांची खुर्ची सांगून ठेवली होती. ती तिने कॅमेऱ्याची बॅग ठेवायला वापरली आणि स्वतः शेजारून चालत गेली. घरी परतल्यावर मी बाल्कनीचं दार लावलं, कडी घातली, आणि तिच्या खोलीतले दोन्ही प्युरिफायर बंद केले. त्या शांततेची सवय व्हायला मला पुष्कळ दिवस लागले.

पण संध्याकाळ झाली की फोन खणखणायचा आणि फोटो यायचा. पहिल्या दिवशी तारा फोटोत नव्हताच, शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी तेवढी होती. दुसऱ्या दिवशी तारा होता, पट्टी नव्हती. मग जमलं. एका संध्याकाळी खरोखरच ढगांचा आला, आणि तो मी सगळ्यांत जास्त वेळ बघत बसले. माझी भीती लगेच विरघळली असं नाही. पण दिवसभर ती निराकार, कुठेही मावणारी असायची, तिला आता संध्याकाळची एक वेळ लागली आणि फोटो आला की ती त्या दिवसापुरती निघून जायची. मोठ्या भीतीचे असे रोजचे छोटे वाटे करता येतात हे मला माहीत नव्हतं. आईला बहुधा माहीत असावं. ती हातात दिलं तेवढंच मोजूनमापून वापरणारी बाई आहे.

मार्गशीर्षात इथे धुकं उतरलं, धुरात मिसळलं, आणि समोरचा टॉवर दिसेनासा झाला. अशाच एका संध्याकाळी मी पुण्याहून आलेला फोटो घेऊन बसले. फिरवला, कापला, ताणला. हायड्रोजन उमटला, आपल्या जागी, आपल्या शिस्तीत. लाल टोकाकडे गेले आणि पाहते तो ती रेघ तिथे उभी. माझं बोट सवयीने ब्रशकडे गेलं, तिथून मी ते हाताने धरून आणावं तसं परत आणलं. मग ऑक्टोबरमधली, आमच्या बाल्कनीतून घेतलेली त्या रविवारची पट्टी शोधून काढली, न पुसलेली, आणि ती पुण्याच्या पट्टीच्या वर ठेवली. दोन्हींतला हायड्रोजन जुळवला. लाल टोकाच्या रेषा आपोआप एकाखाली एक आल्या, इथली आणि तिथली, कडेला कड लागून. फरक एवढाच की पुण्याची जास्त गडद होती. मला उगीच थोडा हेवा वाटला.

मी आईला फोन लावला आणि म्हटलं, "तुझ्याकडची रेघ जाड आहे. पुण्याची हवा ती पुण्याची हवा, हेच ना?"

"छे गं, वेडी आहेस का," ती म्हणाली, "तू धरलीस ती ऑक्टोबरची, तेव्हा अभिजित चांगला वर होता आणि त्याचा उजेड पुष्कळसा सरळ खाली येत होता, आता तो संध्याकाळी पार खाली उतरलेला असतो म्हणजे त्याला तिरकं, किती तरी जास्त हवेतून यावं लागतं, तेव्हा रेघ जाड दिसणारच, त्यात पुण्याचं कौतुक काय करायचं, तुझ्या बाल्कनीतून आज घेतली असतीस तर तुझीही इतकीच जाड आली असती!"

ती काय म्हणाली ते मला नंतर आठवून आठवून जुळवावं लागलं, कारण तेव्हा मी ते ऐकत नव्हते. एवढं सबंध, लांबच लांब, माझ्यावर खेकसलेलं वाक्य आई एका दमात बोलली होती. कुठेही थांबली नव्हती.

"ऐकतेस ना?"

"ऐकतेय," मी म्हटलं. "तू बोल."

"आता अभिजित संपला. यापुढे व्याध. सध्या तो उशिरा वर येतो, पण चैत्रात संध्याकाळीच पश्चिमेकडे झुकतो, आणि माझ्या गच्चीला त्या बाजूने ती टाकी आडवी येते. तुझ्या बाल्कनीतून छान दिसेल. तो मावळायला लागायच्या आत येते मी. तोवर कॅमेऱ्याची जागा हलवू नकोस."

जागा म्हणजे बाल्कनीच्या फरशीवर तिने ट्रायपॉडच्या तीन पायांभोवती काढलेली तीन वर्तुळं. खडूची नाहीत, कसल्याशा पक्क्या रंगाची. घरमालकाला काय सांगायचं याची नितीनला चिंता आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला येणारी शबनम बाल्कनी धुताना ती वर्तुळं बघून आत आली आणि म्हणाली, "दीदी, वो निशान घिस दूँ? तेज़ाब से निकल जाएँगे।"

माझी बोटं वळवळली, खोटं कशाला बोलू. काचेपलीकडे बाल्कनी धुक्यात बुडाली होती, आणि ओल्या फरशीवर ती तीन वर्तुळं तेवढी स्वच्छ दिसत होती.

"रहने दो," मी म्हटलं. "वहाँ माँ का कैमरा लगेगा।"